पाड्याची ग्रामसभा: ठराव, शीव आणि कोष

ग्रामपंचायतीची ग्रामसभा वेगळी आणि पाड्याची ग्रामसभा वेगळी. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. गट ग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतात, सभा मोठ्या गावात भरते आणि लांबच्या टोल्यावरची माणसं पोचेपर्यंत ठराव लिहून झालेला असतो. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) नेमका यावर बोट ठेवतो. त्याच्या कलम ४ प्रमाणे गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. रूढी-परंपरेनुसार आपला कारभार आपण पाहणारा समाज ज्या वस्तीत, पाड्यात किंवा पाड्यांच्या गटात राहतो ते गाव, आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा. महाराष्ट्राने यासाठीचे नियम ४ मार्च २०१४ रोजी काढले.

पुढचं सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. ईशान्येकडच्या स्वायत्त जिल्हा परिषदा राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली येतात: आसाम, मेघालय, मिझोराममध्ये प्रत्येकी तीन, त्रिपुरात एक. त्यांना ठरावीक विषयांवर कायदे करता येतात. आपल्याकडे पाचवी अनुसूची लागू आहे. भाषणात दोन्हींची सरमिसळ खपून जाते, अर्जात खपत नाही.

आधी यादी पाहा

गाव अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे पाचव्या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या आदिवासी भागात आहे का, हे कागदावर पाहून घ्या. पालघर, ठाणे, नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर आणि गडचिरोली या तेरा जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. पण कुठे पूर्ण तालुका आहे, तर कुठे तालुक्यातली मोजकीच गावं. मूळ यादी २ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्यानंतर जिल्हे फुटले: नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून निघाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. त्यामुळे या जिल्ह्यांतली गावं जुन्या जिल्ह्याच्या नावाखाली शोधावी लागतात. नाव सापडलं नाही म्हणून हात हलवत परत येणारे बरेच असतात; त्यांनी चुकीच्या पानावर शोधलेलं असतं.

गाव यादीबाहेर असेल तर पेसा लागू नाही. वनहक्क कायदा मात्र तिथेही लागू आहे, त्यामुळे खालचा जंगलाचा भाग त्यांच्याही कामाचा.

पाड्याला गाव करून घेणं

पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे पाठवायचा असतो. तिथून चौकशी होते, अहवाल वर जातो आणि गावाची अधिसूचना निघते.

‘निम्म्याहून अधिक’ हे शब्द नीट वाचा. पाड्यात १६४ मतदार असतील तर ८२ सह्या म्हणजे बरोबर निम्म्या. त्या चालत नाहीत, ८३ लागतात. शिवाय मयत, लग्न होऊन गेलेल्या मुली आणि कामासाठी कायमचे बाहेर गेलेले मतदार यादीत तसेच असतात आणि एकूण आकडा फुगवतात. ठरावाआधी यादी घरोघर वाचून नावं कमी करण्याचे अर्ज भरा. ते जमलं नाही तर नव्वदच्या वर सह्या घ्या, दोन-चार सह्यांवर आक्षेप आला तरी ठराव पडणार नाही.

ठरावासोबत चार कागद लावा. पाड्याची मतदार यादी वेगळी काढलेली (ती बहुधा मोठ्या गावाच्या यादीभागात विखुरलेली असते), पाड्याचा हातनकाशा, चतुःसीमा आणि कारभार वेगळा चालतो याचा पुरावा. शेवटचाच कागद लोक विसरतात. पाड्याचा देव वेगळा, सण वेगळ्या दिवशी, गायता (गावाचा पारंपरिक प्रमुख) किंवा गावपाटील वेगळा, स्मशान वेगळं, गुरं चारायची जागा वेगळी, हे सगळं एका पानावर लिहून म्हाताऱ्या माणसांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. चौकशीला येणारा माणूस नेमकं हेच विचारतो. त्या दिवशी जो भेटेल तो उत्तर देतो आणि ‘आम्ही मोठ्या गावाचेच’ असं सहज बोलून जातो.

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येऊ नका. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच आपल्या प्रतीवर घ्या. पोच नसेल तर वर्षभराने नवा साहेब ‘अर्जच आला नाही’ म्हणतो आणि गाडी पुन्हा पहिल्या ठेसनावर.

दोन याद्या, दोन कोरम

पेसाच्या ग्रामसभेचा सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेला माणूस. वनहक्क कायद्याच्या ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावातला प्रत्येक प्रौढ, मतदार असो वा नसो. नुकती अठरा पूर्ण झालेली पोरं आणि सासरी आलेल्या पण नाव न चढलेल्या सुना पेसाच्या मोजणीत येत नाहीत, वनहक्काच्या मोजणीत येतात. म्हणून दोन याद्या स्वतंत्र वह्यांत ठेवा.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, तीही वेगळी. महाराष्ट्राच्या पेसा नियमांप्रमाणे एकूण सदस्यांच्या २५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी ते. १६४ मतदारांच्या गावात ४१. वनहक्काच्या सभेला मात्र निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. १७८ प्रौढ असतील तर ८९ जण हवेत, त्यांत ३० बाया. दाव्यांवर ठराव होणार असेल तर दावेदारांपैकी किमान निम्मे, किंवा त्यांचे प्रतिनिधी, हजर लागतात. वनहक्काचे दावे परत येण्याचं एक मोठं कारण हेच: पेसाच्या कोरमवर वनहक्काचा ठराव केलेला असतो.

बायांचा आकडा भरायचा तर सभेची वेळ त्यांना विचारून ठरवा. सकाळी नऊ ही कारकुनाची वेळ आहे. मोहाच्या दिवसांत त्या वेळी कोणी घरी नसतं, आणि तेंदूच्या (विडीच्या पानाच्या) हंगामात दुपारी पानांचे पुडके बांधणं चालू असतं. रात्री जेवणं झाल्यावर बोलावलेली सभा भरते, फक्त उजेडाची सोय करा आणि वेळ इतिवृत्तात लिहा.

सभा आणि वही

नोटीस सात दिवस आधी काढा, विषय एकेक करून लिहा. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ या एका ओळीत गावंच्या गावं फसली आहेत. जमीन, खाण, जंगल आणि पैसा यांतला कोणताही विषय आयत्या वेळी घ्यायचा नाही, असा पहिल्याच सभेत ठराव करून ठेवा. दवंडी कोणत्या दिवशी कोणी दिली याची नोंद करा, नोटीस लावलेल्या भिंतीचा फोटो काढा.

वही बांधीव, पानांना छापील क्रमांक असलेली. सुट्टे कागद किंवा खिळा मारलेली फाईल नको. हजेरीच्या पानावर सगळ्यात वर विषय आणि तारीख लिहून मग सह्या घ्या, आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून ‘एकूण हजर ६१, पैकी बाया २७’ असं लिहून पान बंद करा. कोऱ्या डोक्याच्या पानावरच्या सह्या नंतर कशाच्याही संमतीला जोडता येतात. हजेरी म्हणजे संमती नव्हे, हे वाक्य पानाच्या डोक्यावर लिहायला काहीच लागत नाही.

ग्रामसेवक आला नाही तर सभा मोडू नका. सभेने लिहिणारा निवडावा, ‘सचिव अनुपस्थित, नोटीस अमुक तारखेस दिली होती’ अशी पहिली ओळ लिहावी आणि पुढे चालावं. वही मात्र गावात राहते, ग्रामपंचायतीच्या कपाटात नाही. मागणी आली तर नक्कल द्या.

ठराव कसा लिहावा याचा एक नमुना:

‘ठराव क्र. ४. विषय: तळ्याच्या वरच्या अंगाला मुरूम उत्खननास शिफारस मागणारे तहसील कार्यालयाचे पत्र. चर्चा: पत्र मोठ्याने वाचून माडियात समजावून सांगितले. खाणीची जागा गावतळ्याच्या येव्यात (तळ्यात पाणी येण्याच्या वाटेवर) आहे. तिथे खोदल्यास पाणी तळ्यात न येता नाल्याला जाईल. उन्हाळ्यात गुरांना दुसरे पाणी नाही. निर्णय: ग्रामसभा शिफारस करीत नाही. बाजूने ५७, विरुद्ध ०, तटस्थ ४. सूचक, अनुमोदक. ठराव सभेतच वाचून दाखवला.’

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. पत्र गावाच्या भाषेत सांगितलं हे लिहिलं आहे. नकाराचं कारण जागेवर जाऊन कोणालाही दिसेल असं आहे, ‘पर्यावरणाची हानी’ असं मोघम नाही. आणि निर्णयाचं वाक्य एकच, सरळ. ‘सखोल चर्चा होऊन विचारविनिमय करण्यात आला’ असं लिहिलेला ठराव दोन्ही बाजूंना वापरता येतो, म्हणून तो कोणी सुचवला की सावध व्हा.

जमिनीच्या बाबतीत शब्द आणखी जपून. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा, इतकंच पेसा कायद्यात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ पुढे जातं: अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. म्हणून ठरावात ‘सल्लामसलत झाली’ असं न लिहिता ‘संमती आहे’ किंवा ‘संमती नाही’ हेच लिहा. नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइट काढायचं की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात ग्रामसभांवर सोपवलं, आणि त्या वर्षी ओडिशातल्या बाराही ग्रामसभांनी नकार दिला. त्या ठरावांत डोंगर, झरे आणि देव यांच्यावरचा हक्क नोंदवलेला होता.

समित्या

पेसा नियमांत बऱ्याच समित्या आहेत: संसाधन नियोजन व व्यवस्थापन, मादक द्रव्य नियंत्रण, कर्ज नियंत्रण, कोष वगैरे. सगळ्या एका सभेत नेमल्या की सगळ्याच समित्यांत तेच सहा लोक येतात आणि एकही बसत नाही. आधी कोष समिती आणि संसाधन समिती चालू करा, बाकीच्या काम पडेल तशा.

वनहक्क समिती वेगळी. ती १० ते १५ जणांची, किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश बाया. समितीतल्या सदस्याचा स्वतःचा दावा असेल तर त्याने तसं सांगून त्या पडताळणीतून बाजूला व्हायचं, आणि तो बाजूला झाला हे लिहायचं. हे न लिहिल्यामुळे खरा दावाही संशयात येतो.

शीव पायी फिरून ठरवा

सामूहिक वनसंपत्तीचा दावा म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन गावाकडे घेणं. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे असा हक्क २००९ मध्ये मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी. जंगल सुमारे १,८०० हेक्टर. तिथे अभ्यासगट आधी विषय फोडून पाहतो, निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने करते. हक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडला.

दाव्यातलं सगळ्यात अवघड काम हद्दीचं. नकाशा कार्यालयात बसून काढला की तो वन विभागाच्या कक्षांच्या रेषांवरून जातो, आणि गावाची शीव त्या रेषा पाळत नाही. शीव चालते नाल्यावरून, डोंगराच्या धारेवरून, एखाद्या सीमादेवापासून मोठ्या सालईच्या झाडापर्यंत. म्हणून फिरायचं. दोन म्हातारे, गुराखी, मध काढणारा एक जण, दोन बाया (कंदमुळं आणि सरपणाच्या जागा त्यांनाच नेमक्या माहीत असतात), फोनवर जीपीएस पाहणारं एक पोर आणि लिहिणारा एक. प्रत्येक वळणावर थांबून जागेचं गावातलं नाव, खूण आणि अक्षांश-रेखांश लिहा. दिवसाला चार-पाच किलोमीटरच्या वर जाऊ नका. घाईत नोंदी गळतात आणि म्हातारे दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

शेजारच्या गावांना आधी बोलवा. आपण शीव आखल्यावर ते येतात ते भांडायलाच. हद्दीवर दोन दावे आले तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला द्यायचा, आणि मिटलं नाही तर प्रकरण उपविभागीय समितीकडे, अशी नियमात सोय आहे. दोन्ही गावांची गुरं चरतात तो पट्टा ‘सामायिक’ म्हणून लिहिता येतो. ओढूनताणून एकाच्या नावावर करण्यापेक्षा ते बरं.

पुरावे किमान दोन लागतात, जोडा पाच-सहा. पूर्व विदर्भात निस्तारपत्रक (गावाच्या सरपण, चराई वगैरे हक्कांची जुनी नोंद) हा भक्कम कागद, तो तहसील किंवा भूमी अभिलेखात मिळतो. त्याबरोबर वन विभागाची जुनी कार्य आयोजना (जंगलाच्या कामाचा आराखडा), गॅझेटियरमधला उल्लेख, जंगलातली जुनी विहीर, थडगी, देवस्थानं यांचे फोटो आणि म्हाताऱ्यांचं लेखी निवेदन.

पडताळणीला वन आणि महसूलच्या लोकांना लेखी बोलवा. ते आले तर हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करणं त्यांना बंधनकारक आहे. आले नाहीत आणि पुढे वन विभागाने ‘आम्ही नव्हतो’ असा आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो. त्या वेळीही ते गैरहजर राहिले तर जागेवरच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हा वनहक्क नियमांतला क्रमांक १२ अ, २०१२ च्या दुरुस्तीतला. त्याची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर लावा, निम्मे आक्षेप तिथेच विरतात. ग्रामसभेच्या ठरावावर नाराज असलेल्याला उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला प्रत्येकी ६० दिवस असतात. महाराष्ट्रात २०२० पासून जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडेही जाता येतं.

तेंदू: कमाई आणि फसवणूक एकाच ठिकाणी

पेसा गावाला तेंदूसाठी दोन पर्याय असतात: वन विभागामार्फत विक्री, किंवा ग्रामसभेने स्वतः लिलाव करणं. दुसऱ्यात पैसा जास्त आणि डोकेदुखीही. एकट्या गावाच्या शेपन्नास गोण्यांसाठी चांगला व्यापारी येत नाही, म्हणून दहा-वीस ग्रामसभांनी मिळून लिलाव करावा. गडचिरोलीत महाग्रामसभा (अनेक ग्रामसभांचे संघ) उभ्या राहिल्या त्यामागे ही गरजही आहे.

झुडपांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि कोवळं पान साधारण दीड महिन्याने तोडणीला येतं. त्यामुळे लिलाव त्याच्या आधी उरकला पाहिजे. एप्रिलमध्ये लिलाव करणाऱ्या गावाला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो, कारण पान कोणासाठी थांबत नाही. प्रमाण गोणी म्हणजे १,००० पुडके, पुडक्यात ७० पानं. करारात पुडक्यातल्या पानांची संख्या लिहिलेली नसेल तर फळीवर (पानं गोळा करण्याच्या जागी) व्यापाऱ्याचा मुनशी ‘थोडी जास्त टाका’ म्हणतो, आणि हजार पुडक्यांवर दर पुडक्याला पाच पानं जास्त म्हणजे गोणीमागे ५,००० पानं फुकट.

करारात मजुरी आणि स्वामित्वशुल्क वेगवेगळं लिहा. मजुरी तोडणाऱ्याची, स्वामित्वशुल्क ग्रामसभेचं. ते पुढे बोनस म्हणून वाटायचं की गावकामाला ठेवायचं हे सभा ठरवेल. ‘एकूण अमुक रुपये गोणी’ असा मोठा आकडा ऐकून टाळ्या पडतात, मग मजुरी वजा जाते आणि हातात भलताच आकडा उरतो.

सगळ्यात मोठा धोका पैसे बुडण्याचा. सर्वात जास्त भाव बोलणारा बऱ्याचदा पैसे न देणाराच असतो: तोडणी करून घेतो, माल गोदामात नेतो आणि पावसाळ्यात ‘पान भिजलं, भाव पडला’ म्हणून निम्म्यावर येतो. त्यावर उपाय असा की करारावेळी अनामत ग्रामसभेच्या खात्यात, तोडणीची मजुरी आठवड्याला, आणि शेवटचा हप्ता जमा झाल्याशिवाय गोणी गावाबाहेर जाणार नाही. पानं वाळवून गोणीत भरल्यानंतरचा धोका व्यापाऱ्याचा, हेही लिहा. रोख घ्यायची नाही, अध्यक्षाच्या स्वतःच्या खात्यात तर नाहीच.

माल रोखून धरायचं साधन म्हणजे वाहतूक परवाना. वनहक्क नियमांप्रमाणे तो ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देते. छापील क्रमांकाचं पुस्तक करा, तीन प्रती: गाडीबरोबर एक, वन विभागाला एक, पुस्तकात एक. गाडी क्रमांक, गोण्या, कुठून कुठे, तारीख, किती वेळ वैध. आगाऊ सही करून ठेवलेला कोरा परवाना म्हणजे जंगलाची किल्लीच. परवाना-पुस्तक एकाकडे आणि शिक्का दुसऱ्याकडे ठेवा.

बांबूचं थोडक्यात: चालू वर्षाची आणि गेल्या वर्षाची काठी तोडायची नाही, पावसाळ्यात तोड बंद, आणि तोड जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरवर, पेराच्या वर. मजुरी नगावर असली की माणूस बेटाच्या बाहेरच्या सोप्या काठ्या तोडतो, आणि त्याच नव्या असतात. तोडलेल्या बेटांची दर आठवड्याला पाहणी ठेवा.

कोष

ग्रामसभा कोषाचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची, आणि दोघं एका घरातले नकोत. दर सभेत पहिला विषय शिलकीचा: पासबुक मोठ्याने वाचायचं. तेंदूची उलाढाल सुरू झाली की पॅन, जीएसटी आणि विवरणपत्रं येतात. त्यासाठी महाग्रामसभेने मिळून एक हिशेबनीस लावावा. विवरण न भरल्याने कापलेला कर परत मिळत नाही, आणि तो बऱ्यापैकी असतो.

२०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतले ५ टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेले) म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींना येतात. त्यातला आपल्या गावाचा वाटा किती, हे ग्रामपंचायतीला लेखी विचारा. आणि काम पाहिल्याशिवाय खर्चाचा दाखला देऊ नका. तो देण्याचा अधिकार पेसाने ग्रामसभेला दिला आहे, म्हणजे न देण्याचाही.

तंटे

रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याचा अधिकार कायद्याने मान्य आहे. शिवेचा वाद, गुरांनी खाल्लेलं पीक, वाटणी, नवरा-बायकोचं भांडण हे पंचांनी बसून मिटवावं आणि चार ओळी लिहून ठेवाव्यात. खून, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार हे पंचांपुढे येतच नाहीत, सरळ पोलिसांत जातात. जेवण-दंड लावून मिटवलं तर पंचच अडकतात. वाळीत टाकणं हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे आणि कोणाला चेटकीण ठरवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली. ‘ग्रामसभेचा ठराव आहे’ हा इथे बचाव होत नाही, उलट हजेरीच्या पानावरची प्रत्येक सही आरोपीची यादी बनते. असा विषय सभेत निघाला तर अध्यक्षाने तो घेऊ नये आणि घेतला नाही हे वहीत लिहावं.